शिवप्पा मामांचा ड्रम

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. याच घरात राहते ती, तिला काय सांगणार?

घर बांधलं ते दिवस अजून आठवतात. ओल्या विटांचा वास, दुपारी भिंतीच्या आडोशाला बसून सगळ्यांसोबत खाल्लेली भाकरी आणि शेंगाचटणी. तशी चव पुन्हा आली नाही. मी हिशेबी माणूस. टेप घेऊन भिंती मोजायचो, ओळंबा स्वतः लावून बघायचो. आमचे गवंडी शिवप्पा मामा, साठी ओलांडलेले. पालथ्या ड्रमवर सिमेंटच्या मालाचं घमेलं ठेवून काम करायचे, म्हणजे थापीगणिक वाकायला नको. त्यांच्या कमरेसाठी ठेकेदारानं मुद्दाम आणून दिलेला ड्रम.

"मामा, हाटेलच की हे! टेबलावर माल!" ठेकेदार चिडवायचा.

"वाढपी कुटं हाय मग? तुमीच व्हा की!" मामा म्हणायचे. किती हसायचो आम्ही!

त्या उन्हाळ्यात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. भिंतींवर मारायला साठा हवा होता. एका सकाळी मामा यायच्या आत मी तो ड्रम सुलटा करून भरून टाकला. दुसरा आणता आला नसता का? आला असता. मामांनी ड्रमकडे बघितलं, घमेलं जमिनीवर ठेवलं आणि वाकून कामाला लागले. मी बघत होतो — आठवडाभर.

मग एका दुपारी वाकलेले मामा सरळच होईनात. दोघांनी धरून बसवलं. ठेकेदार धावत आला. "ड्रम कुणी काढला?"

आणि मी — काय बोललो मी? "मामाच नको म्हणाले. अडचण होते म्हणाले."

"या वयात पैलवानी दाखवता व्हय? बास आता. उद्यापासून येऊ नका," ठेकेदार ओरडला.

मामांनी माझ्याकडे एकदा बघितलं. "व्हय, बास," एवढंच म्हणाले.

वास्तुशांतीला आपल्याकडे गवंड्याचा मान असतो — टॉवेल, टोपी, नारळ. मामांना मी बोलावलं नाही. मान दिला तो त्यांच्या जागी आलेल्या गवंड्याला. त्यानं फक्त गच्चीचा कठडा बांधला होता.