आत्याचा अंगठा

मी कथा-कादंबऱ्या लिहीत नाही. घडलं तेच लिहितो. ही बढाई मी सत्काराची शाल खांद्यावर असताना इतक्या वेळा मारली आहे की आता आठवली तरी कान गरम होतात. धाराशिवला कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी करता करता मी आपल्याकडच्या साध्या माणसांवर लिहायला लागलो. नियम एकच होता. कुठलीही हकिकत दोन तोंडांतून ऐकल्याशिवाय कागदावर उतरवायची नाही. या नियमाचा मला भारी माज होता.

लिहायला लागलो तो आत्यामुळे. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, जळकोटला दिलेली. लहानपणी सुट्टीत मी तिच्याकडे जायचो, तेव्हा घरात आलेलं पत्र ती माझ्यापुढे टाकायची. "वाच रं." मी वाचायचो आणि ती ज्वारी निवडत ऐकायची. कंटाळून एखादी ओळ गाळली की हात न थांबवता म्हणायची, "मधलं राहिलं का रं काही?" मला वाटायचं, बाई हुशार, माझा आवाज अडखळला की ओळखते. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी लिहायचं, हे मी तिथंच ठरवलं. निदान भाषणात तरी तसं सांगायचो. ऐकणारे डोळे पुसायचे, आणि खोटं कशाला बोलू, मलाही भरून यायचं.

माझ्या पहिल्या पुस्तकात आत्यावर एक प्रकरण आहे. त्यातलं एक वाक्य पुष्कळांना पाठ होतं: 'आत्याला अक्षराची ओळख नव्हती, पण आजोबा गेल्यावर तिनं आपल्या वाट्याची जमीन हसत हसत भावांना सोडली आणि कागदावर अंगठा उठवला.' या वाक्यालाही दोन तोंडं होती. एक वडील, दुसरे चुलते.

गेल्या वर्षी वडील वारले. यंदा त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती ठरली आणि दुरुस्त्या आठ दिवसांत द्या म्हणून प्रकाशकांचा फोन आला. माझी प्रत कुणीतरी 'वाचून देतो' म्हणून नेली होती, म्हणजे ती गेलीच. आत्याला भेटायचंच होतं, म्हणून उमरग्याची बस धरून जळकोटला गेलो. तिची प्रत देव्हाऱ्याशेजारी असायची, वर हळदीकुंकू वाहिलेली. ते बघून मला दर वेळी सुखावल्यासारखं व्हायचं.

"आत्या, तुमचं पुस्तक दोन दिवस नेऊ का?" समोर मी तिला तुम्हीच म्हणतो. लिहिताना मात्र 'ती' येतं, त्याला इलाज नाही.

"ने की. पर आदी हितंच उघड."

उघडलं, तर समासात पेन्सिलीनं लिहिलेलं. अक्षर मोठं, वाकडं, पण लागणारं. विहिरीच्या वर्णनाशेजारी, 'हीर उगवतीला न्हाय, मावळतीला.' पुढच्या पानावर, 'ही म्हस आमची न्हवती.' मी हसलो. नातीचे उद्योग असणार.

"कुणी रेघोट्या ओढल्या ह्या?"

"म्या."

"नाही, लिहिलं कुणी?"

"म्या म्हणते की. आयकू येईना का?"

मी तिच्याकडे बघत राहिलो. मला ती सत्तर-पंच्याहत्तर वर्षांची बाई एकाएकी परकी वाटायला लागली. भीती वाटली, खरं सांगतो. पानं उलटत तिच्या प्रकरणापर्यंत आलो. पाठ असलेल्या त्या वाक्यात 'हसत हसत' या शब्दांखाली दोन रेघा होत्या आणि शेजारी एकच शब्द: 'न्हाय.'

"तुम्हाला वाचता येतं?"

"तुझ्या बापाला पाटी घिऊन बसवायचे. म्या चुलीम्होरं राखंत गिरवायची अन् कुणी बघायच्या आत पुसायची."

"मग अंगठा का दिला?"

आत्या सावकाश बोलली, हे वाक्य बरीच वर्षं जपून ठेवल्यासारखी. "तुझ्या बापानं सायबाला सांगितलं, भन अडाणी हाय, अंगठा घ्या. त्येला ठाव न्हवतं. कागद म्होरंच पडला व्हता, म्या सगळा वाचला. वाचता येतंय म्हणले असते तर सही करावी लागली असती. सही केली म्हंजी राजीखुशीनं दिलं. जमीन देत न्हाय म्हणले असते तर म्हायेर तुटलं असतं. त्येन्ला अंगठा पायजे व्हता, अंगठा दिला. सही माझ्यापाशीच हाय."

"मला तरी सांगायचं."

"इचारलंस कवा? सगळ्या गावाचं मला इचारत आलास, माझं मातर जाऊन बापाला इचारलंस. भाऊ व्हता तवर गप बसले. भाऊ गेला, मग पेन्सल घेतली."

पायाखालची जमीन सरकली म्हणतात, तसं झालं. परतताना बसमध्ये एकेक आठवायला लागलं. लहानपणी मला बसवून द्यायला ती फाट्यावर यायची आणि लांबूनच सांगायची, "ही सोलापूरला जाती, तुळजापूरची मागनं हाय." ती बसवरची पाटी वाचत होती! मी गाळलेली ओळ तिला कळायची, कारण पत्र तिनं आधीच वाचलेलं असायचं. मग माझ्याकडून पुन्हा का वाचून घ्यायची? मी पोरगा खरं वाचतो का, हे बघत असेल. ज्या अडाणी बाईसाठी मी आयुष्यभर लिहिलं ती कधी नव्हतीच. आणि नियमातली दोन तोंडं? ज्यांना जमीन मिळाली त्यांचीच दोन्ही. मला माझी इतकी लाज वाटली की मी कंडक्टरकडेही बघितलं नाही.

प्रकाशकांना थांबायला सांगितलं आणि प्रकरण नव्यानं लिहिलं. राख, पाटी, अंगठा, 'सही माझ्यापाशीच हाय', सगळं घातलं. चांगलं उतरलं होतं, आणि ते मला कळत होतं. पुढच्या रविवारी पुन्हा जळकोट गाठलं.

"आता तुम्हीच वाचा," मी कागद पुढे केला.

"तू वाच. सवय हाय," म्हणून तिनं सूप ओढलं.

वाचलं. ज्वारीतले खडे बाजूला पडत राहिले. वाचून झाल्यावर हात न थांबवता ती म्हणाली, "मधलं राहिलं का रं काही?"

मी पानं चाळली. "नाही. सगळं वाचलं."

"वाचलंस. ल्ह्याचं राहिलं का म्हणते."

कळायला वेळ लागला नाही. मी खिशातलं पेन काढलं आणि तिच्यासमोर शेवटी एक वाक्य लिहिलं: 'तो तुकडा वाटणीत माझ्या वडिलांकडे आला, आणि वडील गेल्यापासून त्याच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे.' वडिलांचे दिवस झाल्यावर तलाठ्याकडे अर्ज मीच दिला होता. दोन पुस्तकं, इतकी भाषणं, आणि हे एवढं वाक्य मला सुचलं नव्हतं.

कागद तिच्यापुढे ठेवला, वर पेन ठेवलं. "पटलं असेल तर खाली सही करा. मग छापतो."

आत्यानं ओळीखाली बोट फिरवत वाचलं. ओठ हलत होते. तिला वाचताना मी पहिल्यांदाच बघत होतो. तिनं पेन उचललं, टोपण लावलं आणि माझ्या हातात दिलं.

"ल्हिलंस, बरं केलंस," ती म्हणाली. "म्होरं?"

मी पेन खिशात घातलं. कागद तिनं देव्हाऱ्याशेजारी ठेवला. अजून तिथंच आहे, बिनसहीचा. आणि सातबाऱ्यावर नाव अजून माझंच.