सर्व्हरवाल्या मॅडम

संध्याकाळच्या परतूर-घनसावंगी जीपमध्ये त्या रोज माझ्या शेजारी बसतात. वर्ष झालं, नाव मी विचारलेलं नाही; सगळे त्यांना ‘मॅडम’च म्हणतात. बसल्या बसल्या मांडीवर रिकामा डबा ठेवायचा, त्याला जुना मोबाइल टेकवायचा आणि पर्समधून घडीचा कीबोर्ड काढायचा. पडदा काळाकुट्ट, त्यावर नुसती हिरवी अक्षरं. जीप खड्ड्यात आपटली की आम्ही देवाचं नाव घेतो, त्या फक्त डबा सावरतात.

एकदा मागच्या सीटवरच्या मामांनी विचारलं, “मॅडम, माझा सातबारा निघंल का यातून?”

“सर्व्हर डाउन हाय, मामा,” त्या मान वर न करता म्हणाल्या.

त्या दिवशी मी चोरून वाचलं. सर्व्हर कसला, कादंबरी चालली होती! मला हसू आलं, तशा त्या कुजबुजल्या, “कुठं बोलू नका. शाळा, स्वयंपाक, लेकरं, यातून एवढाच पाऊण तास मिळतो. घरी कादंबरी म्हणलं तर म्हणतील, आधी चहा ठेव. काळा पडदा दिसला की वाटतं, कायतरी मोठं काम करून राह्यली.”

काल स्टँडवर त्यांचे यजमान स्कूटर घेऊन आले होते; मॅडम मात्र जीपमधून न उतरता टाइप करतच होत्या. ड्रायव्हरनं घाईचा हॉर्न वाजवला, तसे तेच त्याच्यावर खेकसले, “जरा दम धर की! सर्व्हरचं काम चालू हाय.”

मॅडमनी शांतपणे शेवटची ओळ टाइप केली. मी वाकून वाचली: ‘मग नवऱ्यानं तिच्यासाठी चहा ठेवला.’

कादंबरी संपूर्ण काल्पनिक आहे, याची मला खात्री पटली.