वशिंड नसलेले बैल

सोनईच्या आसाराम सुताराचा हात जू घडवण्यात बसलेला होता. बाभळीचं लाकूड नुसतं ठोकून ते किती वर्षं टिकेल, हे तो सांगे. त्रेचाळीस साली मिशनशाळेच्या दयाबाईंनी त्याला बोलावलं ते मात्र एका चित्रासाठी. शाळेच्या मडमेच्या आजोबांनी इटली देशातून आणलेलं ते जुनं तैलचित्र. त्याच्या चौकटीला वाळवी लागली होती.

नवी चौकट करायची म्हणून आसारामनं चित्र घरी आणलं आणि तो त्यातच अडकला. चित्रात मेंढ्या होत्या, कोंबड्या होत्या, डोक्यावरून गवताचा भारा उतरवणारी बाई होती. तिच्यामागं पांढऱ्या बैलांची जोडी गाडीला जुंपलेली. पण बैलांना वशिंडच नव्हतं. जू अडतं ते वशिंडालाच, मग इथं ते मागं सरकत कसं नाही? नेमकं मानेपाशीच चिताऱ्यानं तो भारा आडवा आणला होता. आसारामनं चित्र उन्हात धरून पाहिलं, दयाबाईंनाही जाऊन विचारलं. तिकडची गुरं तशीच असतात, याहून जास्त त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको झुंबरबाई भाकरी वाढताना म्हणाली, "हल्याला तरी कुठं हाय वशिंड? सहादेवाचे हल्ये वढत्यातच की गाडा."

आसारामचा घास हातातच राहिला. हल्यांची, म्हणजे रेड्यांची, जुवंही तोच करी, पण बैलाच्या मापानं. त्याच्या बापानंही तसंच केलेलं. हात धुऊन तो दोरी घेऊन निघाला. सहादेव खाणीतला दगड वाहायचा. त्याच्या दोन्ही हल्यांच्या मानेला खांद आली होती, जुवाखालचं कातडं सुजून सोललं होतं. दरसालचंच आहे, हळद-तेल लावतो, असं तो सांगू लागला.

आसाराम जखमेभोवती बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "चूक माझी हाय. जू मागं सरून हाडाला घासतंय."

त्यानं दोरीनं मानेची मापं घेतली. नवं जू रुंद केलं, खालून कोरलं, कडा गोल केल्या. पहिलं एका अंगाला दाबू लागलं. ते टाकून दुसरं केलं. पोळ्यापर्यंत खांद भरून आली, आणि आसपासचे हल्येवाले सुताराचं घर विचारत येऊ लागले.

चित्र सागवानी चौकटीत शाळेत परत गेलं. तिकडं जू कसं बसवतात, ते आसारामला कधीच कळलं नाही, आणि ते त्याला खटकत राही. घोडेगावच्या बाजारात लोक जनावरांचे दात बघत. हा मानेवर हात ठेवून उभा राही. घ्यायचाय का, असं एका मालकानं विचारलं.

"न्हाई," आसाराम म्हणाला, "मान कशी हाय ते बघतूय."