भोपळ्यांचा वानवळा

बसा, चहा घ्या आणि माझी कशी फजिती झाली ते ऐका. हसायचं तर हसा, माझ्यात आता रागवायचंही त्राण उरलेलं नाही.

मी राहते चारकोपला आणि मालाडच्या एका ऑफिसात फायली सांभाळते. संध्याकाळी घरी आलं की चपला काढायचासुद्धा कंटाळा येतो. लेक सई नोकरीसाठी बंगळुरूला. फोन केला की म्हणायची, "आई, नंतर करते गं." ते नंतर कधी उगवायचं नाही. रागवणार तरी कसं? तीही दमलेलीच असायची.

दिवाळीला आली तेव्हा तिने माझ्या मोबाईलवर एक शेतीचा गेम घालून दिला. तिचे कॉलेजचे मित्र मिळून त्यात एक गाव चालवतात. रोज साडेआठला सगळे हजर, गप्पा मारत मारत खेळतात. म्हणजे लेकीचा आवाज रोज कानावर पडणार! मग काय, मी कंबर शेकत, चष्मा पुसत शेतीला लागले.

पहिल्याच दिवशी सईने समजावलं, की प्रत्येकाची खेळायची तऱ्हा वेगळी. निहारला फक्त जिंकायचं असतं. पूर्वाला जमवायचं असतं, कोठार भरलेलं दिसलं की त्या पोरीला झोप लागते. केतन नुसता बडबडायला येतो, त्याच्या शेतात गवत माजलंय.

"आणि आई, तू कशातली?"

"मी दमलेल्यातली," म्हटलं आणि नदीकाठी गळ टाकून बसले.

तीन महिने बरे गेले. मग एका शनिवारी मी जरा लवकर शिरले. गावात कुणी नाही. सहज कोठार उघडलं तर आत तीनशे भोपळे!

आता मला सांगा, आम्ही मालवणकडची माणसं. गावाहून फणस आला, आमसुलं आली, तर मजल्यावर चार घरी वानवळा दिल्याशिवाय आमच्या घशाखाली घास उतरतो का? इथे पाच जणांत तीनशे भोपळे पडलेत आणि शेजारच्या गावांना एक फोड नाही, हे मला बघवेना. भेट द्यायचं बटण समोरच होतं. एकेका गावाला दहा-दहा करत सगळे वाटून टाकले. बोट दुखलं, पण मन भरलं. एका शेजाऱ्याने तर उलट नाचणारी कोंबडी पाठवली. किती चांगली माणसं, असं मला वाटलं.

साडेआठला निहार आला, कोठारात डोकावला आणि ओरडलाच, भोपळे कुठे गेले? दुसऱ्या दिवशी भोपळ्यांची जत्रा होती. ज्या गावाचे भोपळे जास्त, ते गाव पहिलं. पूर्वा तीन महिने त्यासाठीच साठवत होती. मी आपलं सांगितलं, की शेजाऱ्यांना दिले रे.

"काकू, शेजारी कसले? उद्या त्यांच्याशीच तर मॅच आहे आपली. वाट लागली ना यार."

पूर्वा रडायला लागली. केतनसुद्धा बोलायचा थांबला. निहार म्हणाला, काकूंना काढू या. भोपळे गेले खड्ड्यात, पण गाव सुटलं तर सईचा आवाजही सुटणार, याची मला भीती वाटली. सगळ्यांसमोर बोलून गेले, "मला काढू नका रे. मला यातलं काही कळत नाही. मी फक्त सई भेटते म्हणून येते."

मिनिटभराने मोबाईल वाजला. सईचा फोन, सरळ साधा.

"आई, मला या खेळाचा कधीचा कंटाळा आलाय. तुला आवडतो असं वाटलं, म्हणून मी रोज येत होते."

म्हणजे बघा, तीन महिने दोघी एकमेकींसाठी नांगर धरून बसलो होतो, आणि फोन दोघींच्या हातातच होता. दोघी आधी हसलो, मग थोडं रडलोही.

सईने त्या रात्रीच गाव सोडलं. मला मात्र पोरांनी ठेवून घेतलं. शिक्षा एकच, पूर्वाचे तीनशे भोपळे पुन्हा उगवून द्यायचे.

आता रोज साडेआठला सईचा फोन येतो, अगदी न चुकता. आणि मी काय म्हणते माहितेय?

"सई, नंतर करते गं. भोपळ्यांना पाणी घालायचंय."