मनगट धरणारा पंच

जत्रेच्या कमिटीनं मला दारात उभं केलं नाही, तेव्हा मी पलूसला स्वतःचं तिकिटाचं कुस्ती-मैदान सुरू केलं. कमिटीकडून माझ्याकडं आला तो एकटा म्हातारा पंच. कुस्ती लावण्याआधी तो दोघा पैलवानांची मनगटं धरून डोळे मिटायचा.

त्या दिवशी शेवटच्या कुस्तीचा निकाल मी आधीच ठरवून ठेवला होता. मनगटं सोडून तो माझ्याकडं आला.

“मालक, लढणाऱ्याची नाडी उडती. ह्यांची निवांत हाय.”

लोकांना कळलं असतं, तर त्यांनी मैदान पेटवलं असतं.

“आवं, गप लावा की कुस्ती!”

“न्हाई.”

मी त्याला बांधलेला मानाचा फेटा उतरवून त्यानं माझ्या हातात दिला आणि गर्दीत जाऊन बसला. दुसऱ्या पंचानं कुस्ती लावली. हलगी कडाडली. मी कुस्ती बघितलीच नाही. म्हातारा शेजाऱ्याच्या कानाशी कधी वाकतो, एवढंच बघत राहिलो.