वाघाच्या तोंडाला पुरण

मोबाइलवर हत्तीचं गाणं लावून दिलं की माझा नातू वरणभात खातो. पडद्यावर हत्ती नाचतो, इकडे घास जातो, सून सुटते. मी मात्र त्या हत्तीचं तोंड बघत बसते. त्याला कोणी काही देत नाही.

शिंदखेड्याजवळच्या एका गावात मी अंगणवाडीत शिकवायचे. भिंतीवर प्राणिसंग्रहालयाचा नवाकोरा तक्ता होता. हत्ती, वाघ, अस्वल, सगळ्यात वर जिराफ, आणि प्रत्येकाखाली त्याचं अक्षर. प्राणिसंग्रहालय पोरांनी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नव्हतं. पण गाणी रचायला कोणाच्या बापाचं काय जातं? "हत्ती आला डुलत डुलत, कान सुपाएवढे हलत" असं म्हणत मीच आधी डुलायचे. पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची.

एक मुलगी तेवढी गप्प. घरीदेखील हुंकारापलीकडे काही नाही. गाव तिला मुकी म्हणू लागलं होतं. तिची आई रोज दुपारी न्यायला यायची आणि उंबऱ्याबाहेरूनच विचारायची, "बाई, आज बोलनी का?" तिचा उतरलेला चेहरा मला बघवत नसे. पुढे पुढे तर त्या वेळेला मी खाली मान घालून पाट्या आवरत बसायचे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाणी भरून आत आले, तर तक्त्याचा सत्यानाश! हात पोचेल तिथवर प्रत्येक प्राण्याच्या कपाळाला कुंकू, वाघाच्या तोंडाला पुरण. समोर तीच मुलगी, पाठमोरी, हातात खापरावरच्या पोळीचा तुकडा. माझं डोकंच फिरलं. धपाटा घालायला पुढे झाले, तेवढ्यात आवाज आला. अक्षरावर बोट ठेवून, अगदी माझ्यासारखी डुलत, ती गाणं म्हणत होती. गाणं संपलं की घास.

"अस्वलदादा, खाई ले. काल तुले कोनी पोयी दिधी नई ना?"

आमच्याकडे पोळ्याला बैल जेवल्याशिवाय घर जेवत नाही. तिच्या लेखी भिंतीवरची ही जनावरं कालपासून उपाशी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला बोलण्याजोगं काही सापडलं होतं. मी उगारलेला हात मागे घेतला.

दुपारी आई आली. त्या दिवशी तिने विचारलंच नाही; विचारून विचारून थकली असावी. मी सांगायला तोंड उघडणार, तोच मुलगी धावत गेली आणि तिचा पदर ओढत म्हणाली, "माय, माले उचल. जिराफ उपाशी शे."

आईने तिला उचललं. जिराफ जेवला. मी पाट्या आवरायच्या निमित्ताने खाली बसून पोटभर रडून घेतलं.