पेशंट मी होतो, उत्तरं घरचे देत होते

"डोक्याला आतापर्यंत किती वेळा मार लागलाय?" जळगावच्या डॉक्टर मॅडमनी मला विचारलं आणि उत्तर माझ्या मोठ्या भावाने दिलं. "एखाद-दोन बार मॅडम. तसा पहिल्यापासून मजबूत आहे हा."

मॅडमनी दादाला आणि माझ्या बायकोला, सुनीताला, बाहेर बसायला सांगितलं आणि तोच प्रश्न पुन्हा मला विचारला. मी म्हणालो, मोजलेच नाहीत. बराच वेळ तपासून त्यांनी आजाराचं नाव सांगितलं: पोस्ट-कन्कशन सिंड्रोम. कन्कशन म्हणजे आदळल्यामुळे मेंदू कवटीच्या आत हलणं. तो सावरायच्या आत पुन्हा पुन्हा आदळला, की त्रास वर्षानुवर्षं रेंगाळू शकतो.

मी पोटासाठी अमेरिकन फुटबॉल खेळायचो. हसू नका. आपल्याकडे या खेळाचे संघ निघाले तेव्हा त्यांना अंगावर जाणारी माणसं हवी होती, म्हणून बऱ्हाणपूरजवळच्या जैनाबादच्या माझ्यासारख्या कबड्डीपटूला बोलावणं आलं. यात चेंडू हातात घेऊन पळणाऱ्याला आडवं करतात. मी पहिल्या रांगेत. समोरच्या गड्याला डोक्या-खांद्याने भिडायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकले तरी उठून पुन्हा उभं राहायचं. हेल्मेटने कवटी वाचते, आतला मेंदू हलायचा थांबत नाही. हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही, याचा राग मला आजही येतो.

संघ गुंडाळला गेला. मी गावी येऊन केळी लावली आणि संध्याकाळी गावातल्या मुलींना कबड्डी शिकवू लागलो.

मग डोकं दुखायला लागलं. उजेड सोसवेना, मुलींची नावं ऐन वेळी आठवेनात. एकदा सरावात मी विनाकारण इतका ओरडलो की एक मुलगी रडत घरी गेली. मैदानावर मुली कमी होत गेल्या. मास्तरच्या डोक्यावर परिणाम झालाय, ही बातमी तापी ओलांडून बऱ्हाणपुरात कधीच पोचली होती. मला आजारापेक्षा ते मैदान जाण्याची भीती जास्त होती.

आपल्याकडे पेशंट एकटा दवाखान्यात जात नाही, आणि गर्दीत त्याला बोलू देत नाहीत. गावातल्या डॉक्टरांनी झोपेचं विचारलं की सुनीता म्हणायची, लागते थोडी थोडी. विसरण्याचं विचारलं की दादा म्हणायचा, टेन्शन आहे. मायेपोटीच बोलायचे बिचारे. पण त्या मायेने मला ॲसिडिटीच्या गोळ्या मिळत राहिल्या. तुमच्यावर ही वेळ आली तर घरच्यांना जरूर न्या, उत्तरं मात्र स्वतः द्या. जळगावला मॅडमनी नंतर सुनीतालाही एकटीला आत घेतलं. माझ्यात तिला काय काय बदललेलं दिसत होतं, ते तिने तेव्हा पहिल्यांदा सांगितलं, आणि खूप रडली.

एमआरआय, म्हणजे चुंबकाच्या नळकांड्यात झोपवून काढलेले मेंदूचे फोटो, नॉर्मल आला. दादा खूश. मॅडम म्हणाल्या, "फोटो नॉर्मल आला म्हणून त्रास खोटा ठरत नाही. वेळेवर झोप, औषध, हळूहळू व्यायाम. मुलींना शिकवा, पण डोक्याला आता एकही मार नको."

मी सगळ्या पालकांना मैदानावर बोलावलं आणि आजाराचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगितलं. सोबत नियमही सांगितला: जिचं डोकं आपटेल, ती त्या दिवशी खेळणार नाही. काही जण हसले. पण हळूहळू मुली परत आल्या.

खकनार गावातल्या स्पर्धेच्या फायनलला आमची सगळ्यात चांगली रेडर, पूजा, डोक्यावर पडली. लगेच उठली. "मले काही नाही झालं सर, खेळू द्या ना."

तिचे वडील धावत आले. "फायनल हाय मास्तर. एक रेड तर मारू द्या."

मी तिला बाकावर बसवलं. आम्ही हरलो. मास्तरचं डोकं खरंच गेलंय, असं तिचे वडील सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाले.

पूजाला काहीही झालं नव्हतं. दवाखान्यात नेऊन तपासलं, ठणठणीत निघाली. तिचे वडील अजून चौकात सांगतात, याने उगाच फायनल घालवली. सांगू देत. पुढच्या फायनललाही ती पडली, तर मी तिला असंच बाहेर बसवीन.